विनीतच्या गाडीचा लाल दिवा

रविवारी संध्याकाळी आमच्या सोनिवलीच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चपला काढायला जागा उरली नव्हती. बायका जिन्याच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या, पुरुष पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर चढले होते, आणि सगळ्यांच्या मधोमध, झेंडूच्या माळांनी मढवलेली विनीतची मोटरसायकल उभी होती.

विनीतची आई सरस्वती पुढे झाली. तिने उजवा हात हँडलच्या मध्यावर ठेवला आणि मुलाच्या कपाळावरून फिरवावा तसा हळूच फिरवला. पेट्रोलच्या टाकीवर लाल उजेड पडला. हात उचलला, उजेड गेला. हात ठेवला, पुन्हा आला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

"मशीनला आई कळते का? नाय कळत," हिंदुराव महाराज माइकवरून म्हणाले. "पण आत्म्याला कळते. आत्मा म्हणजे काय, माऊली? करंट. बॅटरी डाऊन होते, करंट डाऊन होत नाय. लेकराने सिग्नल दिलाय. लालच का दिला? कुंकवाचा रंग म्हणून."

मी अंबरनाथच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं. त्या गर्दीत माझे निदान आठ-दहा जुने विद्यार्थी होते, आणि सगळ्यांचे हात जोडलेले होते.

त्यातला राजेंद्र आमच्या सोसायटीचा चेअरमन. एमआयडीसीत इंजिनिअर आहे. गणपती दूध पितो म्हणून सगळा देश चमचे घेऊन धावला, त्या वर्षी तो माझ्या वर्गात होता. दुसऱ्याच दिवशी मी वर्गात खडूच्या तुकड्याला दूध पाजून दाखवलं होतं, विटेच्या तुकड्याला पाजून दाखवलं होतं. मुलं किती हसली होती. तेव्हा शाळेच्या खिडकीतून भाताची शेतं दिसायची. आता तिथे टॉवर दिसतात, आणि टॉवरच्या खाली हे.

"राजेंद्र, तूसुद्धा?" मी विचारलं.

"बाई, मी स्वतः गाडीच्या बॅटरीची वायर काढली," तो कुजबुजला. "तरी लागला. दिव्याला बटणपण नाही. आता काय बोलणार?"

दिवा विनीतने बसवला होता, हे सगळ्यांनाच माहीत होतं. वाद दिव्याचा नव्हता. तो लावतो कोण, याचा होता.

विनीत गणपतीच्या आसपास डेंग्यूने गेला. चौतिसावं चालू होतं. त्याला रात्री घाटातून गाडी चालवायचं वेड. घाटात फोनला रेंज नसते, म्हणून तो कागदी नकाशा प्लास्टिकच्या पाकिटात घालून टाकीवर बांधायचा, आणि तो वाचता यावा म्हणून त्याने हा छोटा एलईडी दिवा घरीच तयार करून हँडलच्या मध्यावर बसवला होता. लाल अशासाठी, की पांढऱ्या उजेडाने डोळे दिपतात आणि मग पुढचा अंधारा रस्ता दिसत नाही. हे त्याने मला पार्किंगमध्ये उकिडवं बसून समजावलं होतं. मी कौतुक केलं. बटण कुठाय, ते मात्र विचारायचं राहिलं.

तो गेल्यावर सरस्वतीचं बीपी वाढलं. कोणीतरी तिला उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये हिंदुराव महाराजांकडे नेलं. त्यांनी तिच्या उजव्या मनगटात एक जाडजूड काळं कडं घातलं. डॉक्टरांच्या गोळ्या बंद, कडं चालू. दसऱ्याला तिने पूजेसाठी गाडी पुसायला घेतली आणि हाताखाली लाल उजेड पडला. ती तिथेच खाली बसली. तासाभरात महाराज रिक्षाने हजर.

इथवर मी गप्प राहिले असते. मुलगा गेलेल्या बाईला लाल उजेडाने चार घास जात असतील तर जावोत, असं मी मनाशी म्हटलंही होतं. पण पुढच्या रविवारी महाराजांनी सगळ्यांदेखत विनीतच्या बायकोला, अस्मिताला, गाडीला हात लावायला सांगितलं. तिने लावला. दिवा लागला नाही. दोन्ही हात लावून बघितले. नाही.

"का नाय लागला ते मी बोलणार नाय," महाराज म्हणाले, आणि मग बराच वेळ तेच बोलले. आत्मा नाराज आहे. ज्या हाताने सेवा केली नाही त्या हाताला तो ओळख देत नाही. चार वर्षांच्या ऋतिकावर त्या हाताची सावली नको. मुलीने आजीजवळ राहावं, आईने माहेरी अंबरनाथला जावं. येत्या रविवारी गाडीलाच शेवटचं विचारू.

त्या आठवड्यात अस्मिता माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"मी जाते बाई. रितूला इथेच ठेवते."

"तुझी मुलगी तू का ठेवतेस? गाडी सांगते म्हणून?"

"तुम्ही बघितलंत ना. नाही लागला." ती ओट्याकडे बघत होती. "आमचं भांडण झालं होतं. ताप आला तेव्हा मी बोलत नव्हते त्याच्याशी. तो दिवा बनवत बसला होता, मी म्हटलं, घरात लक्ष दे, डोंगरात उजेड पाडतोस ते पुरे. राग असेलच ना त्याला."

मी तिला म्हटलं, मेलेल्या माणसाला राग येत नाही. तिने मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं. मला महाराजांचा जितका संताप आला त्याहून जास्त या मान हलवण्याचा आला. बी.कॉम. झालेली, रोज नोकरीला जाणारी मुलगी स्वतःचं मूल सोडायला तयार झाली होती, आणि तेही कोणी हात धरून न ढकलता.

शनिवारी सकाळी सरस्वती मला आमंत्रण द्यायला आली. "उद्या या हां बाई. विनू सगळ्यांसमोर सांगणार आहे." ती बसली, पदर सावरला, आणि माझी नजर तिच्या मनगटावर गेली. कड्याला एक सेफ्टी पिन होती. त्यात नवल काही नाही. आम्ही सगळ्याच बायका पिना बांगडीत अडकवून ठेवतो, वेळेला हाताशी असते. माझ्याही बांगडीत दोन होत्या. इतके दिवस मी ती पिन बघत होते आणि बघत नव्हते.

"सरस्वती, ती पिन दे जरा."

तिने ती न उघडताच ओढून दिली. पिन बंद होती. बंद पिन बांगडीतून निघेल कशी? आणि ते कडं इतकं जाड की उघडी पिनसुद्धा त्याच्याभोवती बसली नसती. ती अडकवलेली नव्हतीच. चिकटलेली होती.

मी पिन परत केली. ती तिने कड्याजवळ नेताच टक् करून बसली.

मग मला आणखी एक गोष्ट आठवली. गेल्या रविवारी महाराजांकडून असंच कडं घेतलेली एक बाई भक्तीने गाडीला हात लावायला गेली, तर महाराज तिच्या अंगावर केवढ्याने ओरडले होते. परक्याने शिवायचं नाही म्हणून दोरी बांधली होती त्यांनी. म्हणजे कड्याने काय होतं ते त्यांना माहीत होतं.

रविवारी मी फ्रिजवरचं लाईट बिल अडकवायचं फुलपाखरू काढून अस्मिताच्या मुठीत दिलं. "विचारू नकोस. मी सांगेन तेव्हा याच मुठीने हात लाव."

गर्दी होतीच. सरस्वतीच्या हाताला दिवा लागला. महाराजांनी डोळे मिटले आणि निकाल सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मी दोरी ओलांडली.

"महाराज, सुनेला आणखी एकदा हात लावू द्या."

"आजी, आत्म्याची परीक्षा एकदाच होते."

"आमच्या शाळेत नापासांची फेरपरीक्षा असायची. ये गं अस्मिता."

तिने मूठ हँडलवर टेकवली. टाकी लाल झाली.

मग पुढच्या रांगेतली, आठवडाभर अस्मिताशी न बोललेली एक बाई उठली आणि चक्क तिच्या पाया पडायला वाकली. दोघीतिघी तिच्या मागे.

"उठा," मी म्हटलं. "अस्मिता, मूठ उघड."

निळं फुलपाखरू. पाठीला काळा लोहचुंबक. राजेंद्रने ते घेतलं, स्वतः हँडलजवळ नेलं. लागला. दूर नेलं. गेला. त्याचं तोंड उतरलं.

"आता सरस्वती, ते कडं काढून हात लाव."

"नाय काढायचं," महाराज माइकमध्ये ओरडले. "बीपी वर जाईल."

सरस्वती माझ्याकडे बघत होती. तिने कडं काढलं, पदराच्या टोकात बांधलं, आणि मोकळा हात हँडलवर ठेवला. काही नाही. तिने हात फिरवला. पुन्हा फिरवला. "विनू," ती म्हणाली. "अरे विनू." ती थांबेचना. शेवटी अस्मिताने तिचा हात धरला.

हे होणार, हे मला कालपासून माहीत होतं. तरी मला तिकडे बघवलं नाही.

राजेंद्रने स्क्रू ड्रायव्हर आणून दिव्याची काळी डबी उघडली. आत एक एलईडी, बटणाएवढा वेगळा सेल, त्यामुळे गाडीची बॅटरी काढून काही फरक पडला नव्हता, आणि तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी काचेची नळी. नळीत पत्र्याच्या दोन बारीक पट्ट्या, एकमेकींपासून केसभर दूर. चुंबक जवळ आला की त्या चिकटतात, वीज वाहते, दिवा लागतो. चुंबक गेला की सुटतात. एवढंच. डबीला बटणाचं भोक नाही, म्हणून घाटातल्या पावसाचं पाणी आत जात नाही. पोरगा हुशार होता.

"चुंबक पण शक्तीच आहे," महाराज म्हणाले. "सायन्सपण तेच बोलतं." आणि रिक्षात बसले. त्यांच्या मागून दोन रिक्षा भरून माणसं गेली. कडी परत करायला नव्हे.

अस्मिताने नंतर गाडीची बाजूची बॅग उघडली. पूजेची वस्तू म्हणून तिला कोणी हात लावला नव्हता. आत विनीतचे हातमोजे. उजव्या मोज्याच्या पहिल्या बोटात काहीतरी कडक शिवलेलं होतं, अस्मिताच्याच शिवणाच्या डब्यातल्या निळ्या दोऱ्याने, वेड्यावाकड्या पुरुषी टाक्यांनी. तिने तो मोठा मोजा घातला आणि बोट डबीशी नेलं. लाल उजेड पडला.

"बाबा आले?" ऋतिकाने विचारलं.

"नाही गं," अस्मिता म्हणाली. "हा बाबांनी बनवलेला दिवा आहे. हे बघ, असा लागतो."

ऋतिका आईजवळच आहे. दोघी आता अंबरनाथला असतात, आपल्या मर्जीने. सरस्वती माझ्याशी बोलत नाही. "माझा मुलगा डेंग्यूने एकदा नेला, बाई, आणि तुम्ही एकदा नेलात," एवढंच म्हणाली. कडं तिने पुन्हा घातलं आहे. संध्याकाळी ती पार्किंगमध्ये येते, हँडलवर हात फिरवते. मी गॅलरीतून बघते. गोळ्या अजून बंदच आहेत, त्याची मला जास्त भीती वाटते.

हे लिहिलं ते तुमच्यासाठी. एका हाताला दिवा लागतो आणि दुसऱ्या हाताला लागत नाही, असं कोणी दाखवलं तर हात जोडण्याआधी दोन्ही हातांत काय आहे ते बघा. बघू देत नसतील, मध्ये दोरी बांधत असतील, तर समजा की बघण्यासारखं काहीतरी आहे. आणि त्या दिव्याच्या जोरावर कोणाला घराबाहेर काढायला निघाले असतील, तर दोरी ओलांडा. माझ्यासारख्या म्हातारीची वाट बघत बसू नका.