छू म्हणणारा

खुशालराव मोझरीहून अमरावतीला आले ते मुलीचं, संध्याचं, नाव कॉलेजातून काढायला. एसटी स्टँडवर कॉलेजचीच चार पोरं रोज तिच्या मागे लागत, वाटेल ते बोलत. तिनं दोनदा तक्रार केली होती. पोरांना समज मिळायची, पुन्हा तेच सुरू व्हायचं. ऑफिस उघडायला वेळ होता, म्हणून संध्या शेवटचा एक तास करायला गेली.

तास इंग्रजीच्या दीपमाला वानखडे मॅडमचा होता. धड्यात ‘हॅरॅस्ड’ शब्द आला. हैराण झालेला, गांजलेला, असा अर्थ सांगून त्या म्हणाल्या, की हा शब्द फ्रेंचमधून आला. कुत्रं अंगावर सोडताना शिकारी जी आरोळी द्यायचे, तिच्यात त्याचं मूळ असावं, असं काही अभ्यासक मानतात. आपण छू म्हणतो, तसं.

तास संपल्यावर संध्या त्यांच्यापाशी आली.

“मॅडम, मी आतापर्यंत भुंकणाऱ्याईचीच नावं सांगितली. छू म्हणणारा वेगळाच आहे.”

मॅडम तिला थेट प्राचार्यांकडे घेऊन गेल्या. खुशालरावांनाही आत बसवलं. संध्यानं सांगितलेल्या ललित नावाच्या मुलाला आणि त्या चौघांना बोलावणं गेलं. ललित शांतपणे म्हणाला, की तो हिच्याशी कधी एक शब्दही बोललेला नाही. ते खरंच होतं.

संध्या प्राचार्यांकडे वळली. “हा बोलत नाही, सर. हा नुसती मान हलवते. मंग बाकीचे सुरू होतात.”

चौघांतल्या एकानं खाली मान घालून कबूल केलं, की ललितनं इशारा केल्याशिवाय त्यांच्यातला कोणी तोंड उघडत नसे.

पुढं कॉलेजच्या चौकशी समितीनं ललितला वर्षभरासाठी काढलं. चौघांनाही शिक्षा झाली. पण खुशालराव निकालापर्यंत थांबले नाहीत. त्या दिवशी खोलीबाहेर येताच त्यांनी मॅडमला हात जोडले, तुमी शिकवलं म्हणून झालं, म्हणाले.

“मी फक्त शब्द सांगितला,” मॅडम म्हणाल्या. “माणूस तिनं ओळखला. आणि त्याच्यासमोर उभं राहून बोलली.”

खुशालरावांनी मुलीकडे पाहिलं. गावात चारचौघांत बोलताना ते स्वतः अडखळायचे. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि छाती भरून श्वास घेतला.

“मी निंगतो,” ते म्हणाले. “तू तुये तास कर.”