ताकदीची सुई

दामाजीने पेन खाली ठेवलं आणि कागद उलटा डॉक्टरबाईंकडे सरकवला.

“ऑपरेशनला सही केली. कमरेतल्या सुईला केली. या तिसऱ्या सुईला नाय करनार.”

भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. आठ वाजत आले होते. ठाण्यातल्या खोपटच्या त्या छोट्या दवाखान्यात खालच्या स्टँडवर एसटीच्या गाड्या मागे घेताना कंडक्टरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. आत खाटेवर हिरवा झगा घालून आनंद पडला होता, दामाजीचा धाकटा, तेवीस वर्षांचा.

“मामा, ही सुई ऑपरेशनसाठी नाही,” बाई म्हणाल्या. “नंतर दुखू नये म्हणून आहे. जांघेतून एक नस जाते, ती गुडघ्याचं दुखणं वर कळवते. तिच्याजवळ औषध सोडलं की दहा-बारा तास गुडघा गप्प बसतो. नाहीतर हे दुखणं फार वाईट. गुडघ्याची दोरी तुटलीय त्याच्या, नवी बसवायची म्हणजे हाडाला भोकं पाडायची.”

“दुखू द्या थोडा. गुडघा बधिर करू नका.”

“अवो, तुमचा हाय का गुडघा?” आनंदची आई शेवंती बाकावरून उठली. “पोराचा हाय. त्याला दुखू नये म्हनून त्या बाय देतान, आनि तुमी आडवं पडताव? द्या सही.”

“बाबा, करा ना,” आतून आनंद ओरडला. “गुडघ्याला फुकटची झोप मिळतेय तर घेऊ द्या की.”

दामाजीने पेन पुन्हा उचललं. अक्षरं त्याला पन्नाशी उलटल्यावर आली होती. नाव लिहायला त्याला वेळ लागे, आणि तेवढ्या वेळात नको ते सगळं डोक्यात येऊन जाई. ‘दा’ काढला. ‘मा’ काढला. ‘जी’ची वेलांटी मोठी झाली.

बाईंनी कागद घेतला आणि दुसरा पुढे ओढला.

“याआधी त्याला बधिर करायचं इंजेक्शन कधी दिलंय? दात काढताना, टाके घालताना? काही त्रास झालेला?”

“नाय,” दामाजी म्हणाला.

बाईंनी तसं लिहिलं.

आनंदला आत नेलं. दामाजी बाकावर बसला. शेवंतीने पिशवीतून तांदळाची भाकरी काढून त्याच्यापुढे धरली, ती त्याने घेतली नाही. भिंतीकडे बघत बसला.

कोपर गावच्या मैदानावर जानेवारीत कबड्डीचा अंतिम सामना होता. आठ दिवस आधी सरावात आनंदचा उजवा गुडघा मुरगळला होता. सुजला नव्हता फारसा, पण पाय वळवला की कळ यायची. आणि त्या सामन्याला एका कंपनीचे साहेब येणार होते, त्यांच्या कबड्डीच्या संघासाठी दोन पोरं उचलायला. उचललं की नोकरी पक्की. पगार, सुट्टी, दिवाळीला बोनस. दामाजीचा जन्म खाडीत गेला होता. आधी मासळी, मग मासळी आटली तशी रेती. पाण्यात बुडी मारायची, घमेलं भरायचं, वर यायचं. थोरल्याचे कान त्यातच गेले होते. धाकट्याने पाण्यात उतरायचं नाही, एवढं एकच दामाजीने ठरवलं होतं.

भिवा दामाजीचा जुना जोडीदार. दोघे एका संघातून खेळलेले. आता एका डॉक्टरकडे कंपाउंडर होता. सामन्याच्या दिवशी दुपारी दामाजी त्याला घरी घेऊन आला.

“अर्धा-पाऊन तास कलनार नाय त्याला,” भिवा हळूच म्हणाला होता. “पन दामा, आतून काय झालेला असला तर?”

“काय झालेला नाय. तू दे.”

आणि आनंदला दामाजीने सांगितलं, ताकदीची सुई आहे. मोठे खेळाडू घेतात. गुडघा जड लागेल थोडा, ती ताकद आत उतरल्याची खूण.

पोराने काही विचारलं नाही. पाय पुढे केला.

पहिल्या दोन चढायांत त्याने चार गडी मारले. साहेबांनी शेजारच्याला काहीतरी सांगितलं, ते दामाजीने दोराबाहेरून पाहिलं. तिसऱ्या चढाईत मध्यरेषेकडे वळताना आनंदचं अंग फिरलं, पण पाऊल मातीत रुतलेलंच राहिलं. ओली फांदी पिळून मोडावी तसा आवाज झाला. पोरगा पडला. शिट्टी वाजली. पंच धावले. दामाजी दोराखालून आत शिरला.

“दुखतंय?”

“नाय.” आनंदच्या चेहऱ्यावर नवल होतं.

“मग ऊठ.”

आणि तो उठला होता. आणखी दोन चढाया केल्या होत्या त्याने त्या पायावर. दुसऱ्या चढाईत पाय खालून निघूनच गेला, तेव्हा उचलून आणावा लागला. ठाण्याचे हाडांचे डॉक्टर नंतर फोटो उजेडात धरून म्हणाले होते, पहिल्या झटक्याला थांबला असता तर एवढं झालं नसतं. दुखत असताना खेळत कसा राहिला हा?

त्यावर शेवंती म्हणाली होती, “दम हाय त्याच्यात. बापावर गेलाय.”

दुपारी साडेबाराला आनंद खाटेवर आला. मांडीपासून घोट्यापर्यंत पाय पट्टीत, मागून फळी बांधलेली. कमरेखाली दोन्ही पाय मेलेले. त्याला त्याची मोठी गंमत वाटत होती.

“आये, चहाचा कप ठेव मांडीवर. सांडला तरी कळायचं नाय.”

“वात्रटपना पुरे. इकरं तोंड कर, पेज घे.”

“चिमटा काढ ना. काढलास? खरंच काढलास?”

“कवाचा काढतंय. म्हशीची कातरी झालीय तुझी.”

आनंद हसला. शेवंतीही हसली, आणि हसता हसता तिने पदराने डोळे टिपले. दामाजी खाटेच्या पायथ्याशी उभा होता. पट्टीकडे बघत नव्हता.

तीनच्या सुमाराला डावा पाय जागा झाला. मग उजव्याची बोटं हलली. शेवंती खाली चहा आणायला गेली होती. आनंद उशीवर कोपर टेकून बोटांकडे बघत होता आणि एकेक हिशेब सांगत होता.

“अंगठा आला. टाच आली बघा. पोटरीला मुंग्या येतायत.”

“बरं झालं.”

आनंदने पट्टीच्या वर, मांडीवर नख टेकवलं. दाबलं. मग हात पालथा करून तिथेच ठेवला. खाली कुणीतरी कल्याणच्या गाडीसाठी ओरडत होतं.

“बाबा.”

“काय रे?”

“सगळा पाय आला. गुडघा तेवढा नाय आला.”

“येईल. बाय बोलल्यात ना, संध्याकाल होईल.”

“तसं नाय.” आनंदने पुन्हा नख टेकवलं. “खाली पाऊल माझं आहे, आणि मधे गुडघा कुणाचा तरी दुसऱ्याचा. जड. त्या दिवशी असंच होतं.”

दामाजीने खाटेची लोखंडी दांडी धरली.

“भिवाकाकाने सुई दिलेली तेव्हा. अगदी असंच. मैदानात उतरलो तेव्हा पाऊल मातीला लागत होतं आणि गुडघा नव्हताच.” तो थांबला. हसायला गेला, पण ते जमलं नाही. “तुम्ही बोललेलात, ताकद आत उतरतेय. मला वाटलं, ताकद अशीच लागत असेल.”

दामाजीने बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात डॉक्टरबाई आत आल्या. नाडी बघितली, रक्तदाब घेतला.

“काय पैलवान? दुखतंय?”

“नाही.”

“छान. सात-आठला परत यायला लागेल दुखणं. फार होण्याआधी सांगायचं. मी आहेच, जांघेत आणखी एकदा देईन. रात्र निघून जाईल.”

त्या वळल्या तेव्हा दामाजी दारात आडवा उभा होता.

“बाय, सकाली तुमी विचारलेलात. आधी कवा दिलेली का, बधिर करायची. मी नाय बोललो.”

“मग?”

“एकदा दिलेली हाय. जानेवारीत. याच गुडघ्यात.”

बाईंचा हात कागदावर थांबला. “कुणी दिली?”

दामाजीला भिवाचं नाव सहज घेता आलं असतं.

“मी,” तो म्हणाला. “द्यायला मी लावली. त्याला वेगलाच सांगितला. आनि तो परला तवा, ऊठ बोललो तोपन मीच.”

बाईंनी खाटेकडे पाहिलं. आनंदने मान खिडकीकडे वळवली होती. मग त्यांनी सकाळच्या कागदावरची एक ओळ खोडली, वर काहीतरी लिहिलं, आणि पुढे न विचारता निघून गेल्या.

शेवंती चहाचे तीन पेले घेऊन आली. तिने दोघांकडे बघितलं.

“काय झाला?”

“काय नाय,” आनंद म्हणाला. “बोटं हलली.”

चहा त्याने घेतला. बापाकडे न बघता घेतला.

साडेसहाला खिडकीतलं ऊन गेलं आणि दिवे लागले. आनंदने एकदा मान उचलली, पुन्हा टाकली. कपाळावर घाम आला. शेवंतीने पुसला, पुन्हा आला. त्याच्या मांडीतून बारीक थरकाप जात होता.

“येतंय का रे?”

“येतंय.”

“बायना हाक मारतंय मी.”

ती बाईंना घेऊनच आली. त्यांच्या हातात तबक होतं, त्यावर कापसाचा बोळा, सुई, औषधाची कुपी. दामाजी बाजूला झाला. सकाळी याच सुईला त्याने हात आखडला होता. आता त्यानेच चादर नीट सरकवली.

“नको,” आनंद म्हणाला.

“अरे, हे काहीच नाही अजून,” बाई म्हणाल्या. “तासाभरात बघ कसं वाढेल. आपण—”

“गोळी द्या. सुई नको.”

“गोळीने एवढं भागणार नाही.”

“चालेल.”

“घे ना रे,” दामाजी म्हणाला. “आंदू, घे. कशाला सोसतंस?”

आनंदने सकाळपासून पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं. रागाने नाही. मैदानात समोरच्याचे पाय कुठे आहेत ते बघावं, तसं पाहिलं.

“माझं मला कळू दे,” तो म्हणाला.

बाईंनी तबक कपाटावर ठेवलं. गोळ्या दिल्या. सुई तिथेच आहे, केव्हाही हाक मारा, असं शेवंतीला सांगून त्या गेल्या.

मग दुखणं आलं. आनंद ओरडला नाही. दात आवळून त्याने डोक्यावरची खाटेची दांडी पकडली. बोटांची पेरं पांढरी झाली. शेवंती त्याच्या छातीवर हात फिरवत पुटपुटत होती. दामाजीने हात पुढे केला. पोराने तो हात धरावा, दाबावा, मोडावा. आनंदने दांडी सोडली नाही.

दामाजीने हात मागे घेतला. मग खाटेला वळसा घालून डोक्याशी गेला आणि त्याच दांडीच्या दुसऱ्या टोकाला त्याने मूठ आवळली. लोखंड थंड होतं. दर कळेला ते थरथरत होतं, आणि दर वेळी ती थरथर दामाजीच्या हातात, कोपरापर्यंत येत होती.

“बसा की जरा,” शेवंती म्हणाली. “दुपारपासून उभं हाव.”

दामाजीने मान हलवली आणि दांडी तशीच धरून ठेवली.