असं कुठे लिहिलंय?

आमच्या जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या आहेत, पण बसता येतं तीनच खुर्च्यांवर. चौथीवर आमच्या ह्यांचं वाचन बसलेलं असतं. चार मासिकं पोस्टानं येतात. शिवाय दर शनिवारी फोनवर 'या आठवड्यात वाचायलाच हवं' अशी एक यादी येते, त्यातलं निवडक हे ऑफिसात छापून आणतात. नेतृत्वावरच्या कागदांना लाल चिमटा, विज्ञानाला हिरवा, माध्यमांना निळा, मानसशास्त्राला पिवळा. चिमटा लावला की हे अशा समाधानानं हात झटकतात, की बघणाऱ्याला वाटावं वाचून झालं.

मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. दोन वर्षांपूर्वी ह्यांना वाचायचा चष्मा मीच करून दिला. त्याच्यावर अजून एकही ओरखडा नाही.

हे लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत विभागप्रमुख आहेत. हाताखाली अठरा मेकॅनिक. माणूस कष्टाळू आणि मनानं सरळ, खोड एकच. मी काहीही सांगितलं की विचारणार, "असं कुठे लिहिलंय?"

एकदा म्हटलं, "अहो, बैठकीत तासभर तुम्हीच बोलता. मग बाकीचे कशाला तोंड उघडतील?"

"असं कुठे लिहिलंय?"

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझं म्हणणं कुठेच लिहिलेलं नव्हतं ना. मी वरून हसायचे आणि आतून जळायचे.

मग एका सोमवारी दाढी करता करता हे म्हणाले, "अगं, तो लाल चिमट्यातला वरचा लेख जरा बघ ना. चहापर्यंत सार सांग. आज बैठक आहे."

लेख अकरा पानांचा होता. पहिल्या पानावर लेखकानं स्वतःचीच ओळख करून दिली होती. दुसऱ्या पानावर दूध उतू गेलं. चहा पुढे ठेवला तेव्हा सार तयार नव्हतं, पण मी तयार होते.

"लिहिलंय की बैठकीत साहेबांनी पहिली दहा मिनिटं गप्प बसावं," मी म्हटलं. "मोठं संशोधन आहे."

ह्यांनी डायरीत टिपून घेतलं. खाली रेघसुद्धा मारली.

संध्याकाळी हे घरी आले ते उड्या मारायचेच बाकी होते. ह्यांच्याकडे एक जुना मेकॅनिक आहे, नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखतो, म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणतात. हे गप्प बसल्यावर सात मिनिटं कोणी हललं नाही. आठव्या मिनिटाला कानसेन खाकरला आणि म्हणाला की एका सहा मजली इमारतीची लिफ्ट तिसऱ्या मजल्यापाशी महिनाभर करकरतेय. उघडून बघितलं तर दोराच्या तारा तुटायला लागलेल्या. वेळेवर सापडलं.

"वाचनाचा फायदा बघ," हे मला म्हणाले. मला.

तिथून मला चटक लागली. पुढच्या आठवड्यात निळ्या चिमट्यातून मी शोध लावला की संध्याकाळी सातनंतर ग्रुपवर आलेले साहेबांचे मेसेज लोक वाचतात, पण मनावर घेत नाहीत. अठरा घरांत शांतता झाली. हिरव्यातून निघालं की काम करत जेवणाऱ्याच्या चुका वाढतात. पिवळ्यातून निघालं की चारचौघांत ओरडलं असेल तर माफीही चारचौघांत मागावी. हे सगळं ह्यांनी इमानदारीत केलं. थापा माझ्या होत्या, पण त्यातलं एकही म्हणणं हवेतून आलेलं नव्हतं. इतकी वर्षं डोळ्यांनी बघितलेलं होतं.

मग मुख्य कार्यालयाचं बोलावणं आलं. गुरुवारी चाळीस विभागप्रमुखांसमोर ह्यांनी बोलायचं, विषय 'वाचनातून नेतृत्व'. शेवटी संदर्भांची यादी, छापून वाटायला.

सोमवारी हे खुर्चीसमोर बैठक मारून बसले. एकेक चिमटा निघायला लागला. "दहा मिनिटांचं कुठल्या अंकात होतं गं?" मी म्हटलं, बघायला हवं. मंगळवारी परत तेच. चाळीस लोकांत ह्यांचं हसं होणार, तेही माझ्यामुळे, या विचारानं माझ्या हातून दुकानात एका गिऱ्हाइकाच्या डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसली. काढून नीट बसवली आणि ठरवलं, आता पुरे.

बुधवारी सकाळी चहा पुढे ठेवून सांगितलं. "ते कुठेच लिहिलेलं नाही. मीच रचलं सगळं."

"पिवळं पण?"

"चारही."

हे गप्प बसले. दहा मिनिटं भरली असतील. मग "असं कुठे..." म्हणून तोंड उघडलं, अर्ध्यात मिटलं आणि डबा न घेता निघून गेले. मला फार वाईट वाटलं. राग पण आला. तार सापडली ती खरीच होती ना? छापलेलं नव्हतं एवढाच काय तो माझा गुन्हा.

गुरुवारी आल्या आल्या ह्यांनी एक कागद टेबलावर ठेवला. संदर्भांची यादी. खाली एकच ओळ होती: 'सर्व मुद्दे माझ्या पत्नीचे. मी वाचलेले नाहीत, ऐकलेले आहेत.'

"कोणी हसलं?" मी विचारलं.

"बरेच जण. एकानं विचारलं, याला संशोधनाचा आधार काय. म्हटलं, अठ्ठावीस वर्षांचं निरीक्षण, नमुना एक."

मीही हसले आणि ती ओळ परत एकदा वाचली.

रविवारी सकाळी बघते तर हे चष्मा लावून लाल चिमट्यातला तोच लेख वाचतायत. अकराच्या अकरा पानं वाचली. काचांवर बोटांचे ठसे उमटले होते. मग पानावर बोट ठेवून स्वयंपाकघरात आले.

"यानं तर उलटंच लिहिलंय. बैठकीत आधी साहेबानंच बोलावं म्हणतो."

मी हात पुसून ओळ वाचली. खरंच तसं होतं. त्या सोमवारी मी प्रामाणिकपणे सार सांगितलं असतं तर कानसेन खाकरलाच नसता.

"मोठा माणूस आहे," मी म्हटलं. "छापून आलंय."

"ते दिसतंय मला." ह्यांनी चौथ्या खुर्चीवरचा गठ्ठा चिमट्यांसकट उचलून जमिनीवर ठेवला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बस. तुझं काय म्हणणं आहे?"