वीतभर डावीकडे

आमचे हे स्वतःला स्फटिकांचे अभ्यासक म्हणवतात. मी मनातल्या मनात त्यांना 'मूळबिंदू' म्हणते. लग्नाआधी आम्ही एकाच प्रयोगशाळेत होतो, त्यामुळे त्यांच्या स्क्रीनवरचा तो तिरका खोका, ज्याच्यासारखे खोके शेजारीशेजारी रचत गेलं की अख्खा स्फटिक उभा राहतो, माझ्याही चांगला ओळखीचा. जाणकार माणूस खोक्याचा मूळबिंदू, म्हणजे जिथून सगळी अंतरं मोजायची ती जागा, सममितीच्या केंद्रावर ठेवतो, आणि तिथे बहुधा कोणीच बसलेलं नसतं. ह्यांना ते रिकामेपण सोसत नाही. सगळ्यांत जड अणू हेरायचा, मूळबिंदू त्याच्या डोक्यावर नेऊन ठेवायचा, अक्ष त्याच्या सोयीने वळवायचे आणि मग खुर्चीत रेलून, जग जिंकल्यासारखं, चहा मागायचा.

"केंद्रावर ठेवलात तर सोपं जाईल," मी एकदा म्हणाले.

"स्फटिकाला काय फरक पडतो गं? खोका सरकतो, बाकी सगळं तेच."

"आणि जो अणू खोक्याबाहेर राहतो, त्याचं काय?"

"शेजारच्या खोक्यातून अगदी तसाच दुसरा आत येतो. कोणाला पत्ताही लागत नाही." एवढं बोलून त्यांनी कप पुढे केला. पालथ्या घड्यावर पाणी. चहा मात्र सुलट्या कपात.

त्यांची रचना काही केल्या जुळत नव्हती, म्हणून ते जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून रोज मूळबिंदू जरासा डावीकडे ढकलत. त्याच सुमारास चहा घेऊन बाहेर येताना माझा उजवा कोपर स्वयंपाकघराच्या चौकटीला थडकायला लागला. पुन्हा पुन्हा, त्याच जागी. काळानिळा डाग पडला.

"वहिनी, भिंत सरकते की तुम्ही?" नणंद खिदळली.

"पडेल अंगवळणी," सासूबाई म्हणाल्या, "डोळे उघडे ठेवून चाललं की."

डोळे उघडेच होते. माहेरून आणलेली बॅग मी खोलीच्या डाव्या भिंतीला अगदी चिकटवून ठेवली होती. आता मध्ये बोटभर फट होती. मी बॅग पुन्हा चिकटवली. संध्याकाळी हे लॅपटॉप मिटून उठले, तेव्हा फट चार बोटं झालेली. पलंग, कपाट, ह्यांच्या चपला, सगळं एकमेकांपासून होतं तिथेच होतं. घर एकदिलाने सरकत होतं. त्या एकीत माझी बॅग आणि मी तेवढे धरलेले नव्हतो.

मी हात जोडायच्या बेताला आले. "अहो, मूळबिंदू पहिल्या जागी न्या. आजच्या आज."

"आता तू मला शिकवणार? इतकं जुळत आलंय!"

ते हसले, आणि ज्या कीव करणाऱ्या नजरेची मला सवय झाली होती, तीच नजर त्यांनी टाकली, माझ्या वीतभर डावीकडे. मी तिथे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे टेबलाशी बसलो. माझ्याखाली खुर्चीचा जेमतेम काठ उरला होता. ह्यांनी एक कळ दाबली आणि टाळी वाजवली. "जमलं!"

"सूनबाई, आज गप्पशी?" सासूबाईंनी माझ्या शेजारच्या हवेला विचारलं.

मी तोंड उघडलं.

"काही नाही, आई," माझाच आवाज डावीकडून म्हणाला.

ह्यांनी आनंदाच्या भरात जड अणूवरचा आपला तो जुना विनोद सांगितला. मी त्याला कधीच हसले नव्हते. माझ्या डावीकडची ती हसली. मग तिने सगळ्यांचे कप गोळा केले, ट्रे उचलला आणि स्वयंपाकघराकडे निघाली. मी तिच्या उजव्या कोपराकडे बघत राहिले.

चौकट तिला लागली नाही.