भिंगरीच्या हातातली गिटार

मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे, पण मित्रांनो, जुनी असले तरी अजून कामावर आहे. माझा रंग काळाभोर होता. आता हाताच्या घासण्याने एका कडेचं लाकूड उघडं पडलं आहे. एका म्हाताऱ्या कारागिराने महिनाभर खपून मला घडवलं, माझी मान तासली, तारांखाली लोहचुंबकं बसवली आणि मला दुकानात पोचवलं.

तिथे एक सतरा वर्षांची मुलगी आली. घरी तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण तिचा पाय एका जागी ठरत नसे.

"भावासाठी हवी का?" दुकानदाराने विचारलं.

"माझ्यासाठी," ती म्हणाली आणि तिने मला गळ्यात अडकवलं.

एका जागी न ठरणारी ती पोर माझ्यापुढे चार-चार तास बसू लागली. तिची बोटं सोलवटली, मग त्यांना घट्टे पडले. तिची आई शिवणकाम करायची. एका कोपऱ्यात शिलाई मशीन, दुसऱ्या कोपऱ्यात मी, अशी आमची जुगलबंदी चाले. पुढे भिंगरीची मावसबहीण ड्रम वाजवायला आली, आणखी दोन मैत्रिणी मिळाल्या आणि चौघींचा रॉक बँड उभा राहिला.

भिंगरी देखणी होती आणि ते तिला ठाऊक होतं. तिला नटायला मनापासून आवडे. पहिल्या कार्यक्रमासाठी आईने चंदेरी झगा शिवला.

"अगं, एवढ्या घट्ट झग्यात श्वास कसा घेशील?"

"मी घेईन गं आई. लोकांचा मात्र रोखून धरीन!"

तसंच झालं. पण पोस्टरवर तिचे ओठ आले, पाय आले, आणि मी कात्रीत गेले. वर्तमानपत्राने तिच्या लाल बुटांवर चार ओळी लिहिल्या, वाजवण्यावर एकही नाही. एका जाणकाराने सल्ला दिला, "साधी राहा, म्हणजे लोक तुझं वाजवणं ऐकतील." तिने तेही करून पाहिलं. करड्या शर्टात वाजवलं. त्या दिवशी लोक शर्टाबद्दल बोलले!

मग टीव्हीवरचा मोठा कार्यक्रम मिळाला. दिग्दर्शक म्हणाला, "गाणं टेपवर तयार आहे. गिटार आमच्या वादकाने वाजवून ठेवली आहे. तू नुसती गळ्यात अडकव आणि छान दिस."

"आणि हिची वायर?"

"वायर कशाला हवी?"

मेकअपच्या खोलीत मावसबहीण हळूच म्हणाली, "हो म्हणून टाक. आपल्या कॅसेटचा करार यावरच अडलाय."

भिंगरी आरशात बघत ओठ रंगवत होती. "छान तर मी दिसणारच. मला आवडतं ते. पण त्यासाठी माझे हात दुसऱ्याला का देऊ?"

बहिणीने ड्रमच्या काठ्या उचलल्या.

प्रेक्षक बसले होते. भिंगरीने आमचा स्पीकर स्वतः ओढत मंचावर आणला, माझी वायर जोडली आणि आवाजाच्या यंत्रांपाशी बसलेल्या बाईंना म्हणाली, "बाई, ती टेप बंद करता का?" बाईंनी दिग्दर्शकाकडे पाहिलं, भिंगरीकडे पाहिलं, आणि बटण दाबलं.

पहिलाच सूर चुकला. कुणीतरी हसलं. ती थांबली. दीर्घ श्वास घेऊन तिने पुन्हा सुरुवात केली, आणि मग माझ्या अंगातून असा आवाज निघाला की माझी मीच दचकले! हसणारा पुढे सरकून तिची बोटं पाहू लागला.

टाळ्या खूप पडल्या, पण करार रद्द झाला. दोन वर्षं चौघी लहानसहान सभागृहांत वाजवत राहिल्या, आणि शेवटी त्यांनी स्वतःच कॅसेट काढली. वेष्टनामागे ठळक अक्षरांत छापलं, 'सर्व वाद्ये आम्हीच वाजवली आहेत.'

पुढे तिच्या मनगटाची शस्त्रक्रिया झाली आणि मी तीन वर्षं कपाटावर पडून राहिले. तारा गंजल्या, ओलीने मान वाकली. वाटलं, संपलं आपलं. पण ती रोज रबरी चेंडू दाबत हात तयार करत होती. मग मला दुरुस्तीला नेऊन तिने तारा बदलल्या आणि पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात केली.

आज तिने पन्नाशी ओलांडली आहे. अजूनही ती झोकात मंचावर येते. परवा एक हॉटेलवाला मला मागायला आला. "भिंतीवर काय शोभेल हो ही!"

"भिंतीवर घड्याळ लावा," भिंगरी म्हणाली. "हिला तालमीला उशीर होतोय."

मित्रांनो, एखादी बाई मंचावर सुंदर दिसली तर खुशाल बघा, तिलाही ते आवडत असेल. पण कान उघडे ठेवा. आणि तुमच्या घरात एखादं वाद्य पडून असेल, तर त्यावरची धूळ पुसून थांबू नका. ते वाजवा.