लाल चौकटीतली दहा मिनिटं

पोरीच्या वेळापत्रकात काहीतरी काळंबेरं आहे, हे सलोमतच्या लक्षात आलं ते मार्च महिन्यात. तोवर त्या वेळापत्रकाचं तिला कौतुकच होतं. इरोदा, तिची थोरली, फरगान्याच्या विद्यापीठात भूगोलाच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि मार्गिलानहून रोज मिनीबसने जाऊन येऊन करायची. घरचं करून, बाहेरचं करून पोरगी सगळं वेळेवर उरकायची, कारण तिच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर दिवसाचा अख्खा नकाशा चिकटवलेला होता. हिरव्या चौकटी अभ्यासाच्या, निळ्या इंग्रजीच्या आणि पिवळ्या घरकामाच्या. पिवळ्या चौकटी भरपूर होत्या, म्हणून आल्यागेल्या बायकांना सलोमत तो कागद मुद्दाम दाखवायची.

पण त्या कागदावर लाल चौकटीही होत्या. पहाटे पाच, सकाळी आठ, संध्याकाळी पाच, मग पुन्हा आठ. दहा-दहा मिनिटांच्या, आणि आत एक अक्षर नाही. हिरव्यात विषयाचं नाव, पिवळ्यात ‘अंगण’, ‘तंदूर’, ‘कपडे’ असं स्वच्छ लिहिलेलं, मग लालमध्येच शाई संपली होती काय?

एकदा विचारलं तर इरोदा म्हणाली, “ते माझं असंच आहे, अया.” असंच म्हणजे काय ते आईला कळू नये असं, एवढं तर सलोमतला कळलंच. मग तिने पाळत ठेवली. पाचच्या ठोक्याला पोरगी शाल गुंडाळून स्वयंपाकघरावरच्या मातीच्या गच्चीवर चढायची आणि दहा मिनिटांनी खाली यायची. हातात एक वही, ती लगेच शालीआड. पाऊस असो, वारा असो, खंड नाही. आता आमच्याकडे गच्चीवर जर्दाळू वाळवतात, मिरच्या वाळवतात, पण मार्चमध्ये तिथे वाळवायला असतं काय? शेजारच्या गच्चीवर मात्र दोनियोर असायचा, कबुतरं उडवणारा. सत्तावीस वर्षांचा घोडा, ना काम ना धंदा, शिट्ट्या मारण्यात पटाईत.

दहा मिनिटांत काय होणार, असं नवरा योल्दोश म्हणाला. तो स्वभावाने गार माणूस. सलोमतने त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहाच्या वाडग्यात तोंड घालून बसला. दहा मिनिटांत काय काय होतं हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिने स्वतः या योल्दोशला पसंत केलं ते सात मिनिटांत, आणि त्यातली तीन त्याच्या लाजण्यात गेली होती.

तुम्ही म्हणाल, मग बाई सरळ शिडी चढून वर का गेली नाही? गुडघे दुखतात, असं ती स्वतःला सांगायची. पण गुडघे नुसतं निमित्त. वर गेलं आणि खरंच काही दिसलं, तर मग त्याचं काहीतरी करावं लागणार. खालून संशय घेतला की निदान रात्रीची झोप तरी अर्धी मिळते. म्हणून ती खालीच राहिली, दार किलकिलं करून, चार वेळा, रोज.

आणि पोरीशी बोलायची सोयही तिने स्वतःच बिघडवून ठेवली होती. गेल्या उन्हाळ्यात इरोदाने डोंगरातल्या कसल्याशा शिबिराचा अर्ज आणला होता. हवामानाच्या ठाण्यावर शिकायला जायचं, पुढे नोकरीही तिथेच, असं काहीतरी सांगत होती. तीन महिने, डोंगरात, परक्या पुरुषांमध्ये, एवढंच सलोमतच्या कानात शिरलं आणि तिने अर्ज फाडून तंदुरात टाकला. भूगोल शिकतेस ना, शाळेत शिकव की, दुपारी घरी येशील, असं म्हणाली. इरोदा रडली नाही. दुसऱ्या आठवड्यात तिने ते वेळापत्रक चिकटवलं.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी सकाळी दोन बायका दारात उभ्या राहिल्या. एक पन्नाशीची, भारदस्त, एक तरणी. हातात रुमालात बांधलेले दोन नान. पोरगी घरात नसतानाची वेळ, जोडीने आलेल्या बायका, बरोबर नान.  मागणी घालायला येतात ते असंच येतात, आणि घरात उपवर मुलगी असलेल्या आईला ते ओळखायला ओळखपत्र लागत नाही.

“इरोदाबद्दल बोलायचं होतं. मुद्दाम ती नसताना आलोय, म्हणजे घरच्यांना मोकळेपणी बोलता येईल,” मोठी बाई म्हणाली. तिचं नाव राअनो.

सलोमतने तिला पुढे बोलूच दिलं नाही. आल्या आल्या काम विचारणं म्हणजे उकिरड्यावरची रीत. तिने दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, पसरलं, नान मांडले, रीतीप्रमाणे चहा वाडग्यात ओतून तीनदा परत किटलीत टाकला आणि मनातल्या मनात मुलाकडचं घर मोजू लागली. बाईचा कोट साधा, पण बूट मजबूत. बहुतेक डोंगराकडची माणसं.

आणि निघालीही तशीच. राअनो म्हणाली, आमच्याकडे चारच माणसं, जागा उंचावर, सहा महिने बर्फ. पोरीला महिनोन्महिने घरी येता यायचं नाही, तुमची तयारी आहे का? सलोमत म्हणाली, दिली की दिली, मागे वळून बघणारी आई मी नव्हे. पोरगी थंडीला भीत नाही, कमी बोलते, कुणाशी भांडत नाही. राअनो तरणीकडे बघून हसली आणि म्हणाली की अशी आई आम्हाला दहा घरांत एक भेटते, बाकीच्या तर अर्ध्या हिवाळ्यात मुलीला परत न्यायला येतात. सलोमत फुलून आली. जमलं, तिला वाटलं.

मग राअनोने वाडगा खाली ठेवला. “एकच विचारायचं राहिलं. इरोदा गेले चार महिने रोज पहाटे पाचला गच्चीवर जाते, बरोबर?”

सलोमतने किटली खाली ठेवली. म्हणजे बोभाटा डोंगरापर्यंत पोचला. कुणी सांगितलं असेल? पलीकडची मुकद्दस खाला, दुसरं कोण. तिच्या जिभेला हाडच नाही. तिने चेहरा हलू दिला नाही. “छे, गच्चीवर कशाला जाईल ती?”

“पहाटे नाही, तर संध्याकाळी?” राअनोने जरा पुढे वाकून विचारलं. “नीट आठवून सांगा. हे आमच्यासाठी फार महत्त्वाचं आहे.”

महत्त्वाचं असणारच की. कुठल्या सासूला नसेल? सलोमतने दस्तरखानावरचा नान उचलला, कपाळाला लावला आणि त्यावर उजवा हात ठेवला. “या नानची शपथ. माझ्या पोरीने चार महिन्यांत त्या गच्चीवर पाऊल ठेवलेलं नाही. जे कुणी सांगितलं ते खोटं.”

नानवर हात ठेवून आमच्यात कुणी खोटं बोलत नाही.  राअनोने हात वर करून निघतानाची दुआ केली, ती उठली, आणि दारात सलोमतचा खांदा थोपटून गेली. सलोमतला त्या थोपटण्यात होकार दिसला.

शुक्रवारी इरोदा परतली ती आतल्या खोलीत जाऊन बसली. पाच वाजून गेले, उठली नाही. सलोमतला आधी बरंच वाटलं, मग भीती वाटली. दोनियोरने फसवलं की काय? तिने दारात उभं राहून हेच विचारलं, अगदी त्याच्या नावासकट.

 इरोदाने वही पुढे टाकली. पानं आकड्यांनी भरलेली, तारखा, वेळा. थंडी किती, वारा कुठून, ढग किती, पाऊस किती. डोंगरातल्या ठाण्यावर दर तीन तासांनी अशी नोंद करावी लागते, दिवस असो की रात्र. तिथे नोकरीची एक जागा निघाली होती. उमेदवाराला वेळ पाळता येते का हे पाहायला हवामान खात्याने चार महिन्यांच्या नोंदी मागितल्या होत्या. कॉलेज सांभाळून तिला चारच वेळा जमत होत्या, पण त्यातली एकही चुकली नव्हती. घरची परवानगी आहे, असं तिने अर्जात खोटंच लिहिलं होतं. ती परवानगी आणि या नोंदी खऱ्या आहेत का, हे पाहायला ठाण्याच्या राअनोबाई घरी आल्या होत्या.

“मला म्हणाल्या, आई नानची शपथ घेऊन सांगते की तू वर गेलीच नाहीस. मग हे आकडे घरात बसून रचलेस ना?” इरोदाचा आवाज अजिबात चढला नव्हता. “तू रोज दाराआड उभी असायचीस, अया. मला दिसायचीस. एकदा वर आली असतीस तर तुला थर्मामीटर दाखवला असता.”

 सलोमतने राअनोचा नंबर मागितला. इरोदाने तो लावून दिला.

राअनोने फोन उचलला. सलोमतने सगळं भडाभडा सांगितलं. पोरगी वर जायची, रोज जायची, मी स्वतः चोरून बघितलंय, तुम्ही मागणी घालायला आलात असं समजले, पोरीचं नाव जाईल म्हणून खोटं बोलले, दोष माझा आहे.

 मग राअनो बोलली, आणि रागाने बोलली नाही. “आमच्या एका चुकीच्या आकड्यावर खाली गावंच्या गावं बर्फाखाली जातात, बाई. मला शंकेला जागा ठेवता येत नाही. काल तुम्ही नानवर हात ठेवून एक सांगितलंत. आज दुसरं सांगताय. आता मी तुमचा हात कशावर ठेवायला सांगू?”

 इरोदा समोर बसून आईच्या तोंडाकडे बघत होती, आणि फोन ठेवायच्या आधीच जागा गेली हे तिला कळलं होतं.