शेजारच्या सीटवरचा ब्रेक

“मास्तर, आत्ता ब्रेक कोणी दाबला? मी की तुम्ही?”

गाडी चौकात गचका खाऊन थांबली होती आणि ड्रायव्हिंग शिकायला आलेली नर्सबाई स्टीअरिंगला बिलगून मास्तरांकडे रोखून बघत होती.

“मी. सायकलवाला आडवा येत होता.”

“अहो, दिसला होता मला तो! तुम्ही दर वेळी असे पुढे धावलात तर मला येणार कधी? स्वतःच्या मुलीलाही असंच शिकवलंत का?”

नर्सबाई सहज बोलून गेली, पण मास्तरांच्या जिव्हारी लागलं.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. मास्तरांचा पाय सव्वीस वर्षं त्यावर होता. त्यामुळे कितीतरी अपघात टळले असतील, नाही कोण म्हणतो? पण जिभेलाही तीच घाई. मुलगी अठराची असताना भर रस्त्यात “डोळे घरी ठेवून आलीस का?” म्हणून असे काही खेकसले, की पोरगी गाडीतून उतरली ती तडक चालत घरी गेली. पुढे नोकरीच्या गावी परक्या माणसाकडून गाडी शिकली. आई होती तोवर येणंजाणं होतं. आई गेली आणि फोनवर “जेवलात का?”, “जेवलो” एवढंच उरलं. आज ती दोन वर्षांनी यायची होती, तीही दोनच तासांसाठी. एवढ्या वेळात तिचं मन वळलं तर वळलं, नाहीतर पुन्हा कधी येईल कोण जाणे.

दुपारी ती आली. चहा झाला. बोलायला काही सापडेना, तेव्हा तीच म्हणाली, “चला बाबा, माझ्या गाडीतून एक चक्कर मारून येऊ.”

मास्तर शेजारी बसले. पोरगी काय सुरेख चालवत होती! सांगावं का तिला, असा विचार करतात न करतात तोच पुढची व्हॅन मंदावली आणि मास्तरांचा पाय दाणकन खाली आपटला. तिथे कुठला आलाय ब्रेक? नुसती रबरी चटई.

मुलीने गाडी अलगद थांबवली. त्यांच्या पायाकडे एकदा पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले.

‘गाढवा, मातेरं केलंस! जित्याची खोड ती!’ मास्तर मनातल्या मनात स्वतःवर खेकसले आणि एकदम चपापले. पोरीवर ओरडला होता तो हाच आवाज की! म्हणजे इतकी वर्षं आत बसून हा त्यांनाही असाच झोडपत होता. त्यांनी बुटाकडे पाहिलं. घोटा अजून थरथरत होता. घाबरलाय बिचारा, त्यांना वाटलं. स्वतःबद्दल अशी माया त्यांना कधी वाटली नव्हती.

“तुझं काही चुकलं नाही गं,” ते म्हणाले. “मी घाबरतो.”

“तुम्ही?”

“पहिल्यापासून. त्या दिवशी तू शेजारी होतीस म्हणून तर फारच घाबरलो होतो. तसं म्हणायची लाज वाटली आणि ओरडलो. चुकलं माझं.”

मागच्याने हॉर्न वाजवला. मुलीने गाडी पुढे काढली.

“मला वाटायचं, तुम्हाला माझीच लाज वाटते,” ती म्हणाली आणि मनगटाने डोळे पुसले. “किती वर्षं वाटायचं, बाबा.”

मास्तरांनी चटईवरचा पाय हळूच मागे घेतला.

घरापाशी आल्यावर तिने घड्याळ पाहिलं.

“आजचा दिवस राहिली असतीस तर बरं वाटलं असतं मला,” मास्तर म्हणाले.

“आज नाही जमणार.”

“बरं.” रुसवा घशाशी आला होता, तो आला तसा त्यांनी जाऊ दिला. “सावकाश जा,” म्हणत ते गाडीतून उतरले.

गल्ली चिंचोळी. तिला गाडी मागे घेत वळवायची होती. पहिल्यांदा चाक कट्ट्याला घासलं. ‘डावीकडे काप, डावीकडे!’ मास्तरांच्या अगदी जिभेवर आलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले आणि गप्प उभे राहिले. दुसऱ्यांदाही जमेना. तिसऱ्या खेपेला तिची तिनेच वळवली, काच खाली करून हात हलवला आणि कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली.

मास्तरांचे हात अजून पाठीमागेच होते. निरोपाचा हात हलवायचा राहूनच गेला होता.

“असू दे,” ते स्वतःला म्हणाले आणि रिकाम्या गल्लीकडे बघत एक हात वर केला.